सील शाबूत, माल कमी: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी ट्रकमध्ये माल कसा लावायचा यावर लिहिलं होतं आणि त्यात शेवटी सीलबद्दल एकच ओळ होती, की दार बंद केल्यावर सीलचा नंबर बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टरच्या मालाच्या पावतीवर, लिहायला विसरू नका. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं पूर्ण सदर सीललाच देतोय. मी न्हावा शेवा बंदराच्या मागच्या सीएफएसमध्ये, म्हणजे जिथे कंटेनर भरतात, उघडतात आणि कस्टम्सची तपासणी होते त्या यार्डात, बरीच वर्षं काढली. तिथे रोज सीलं लागताना आणि कापली जाताना बघितली, त्यातून जे कळलं ते सांगतो.

प्रश्न: आम्ही चाकणहून गाड्यांचे सुटे भाग बंद बॉडीच्या ट्रकमधून चेन्नईला पाठवतो. मागच्या महिन्यात ट्रक तिथे पोचला तेव्हा सील शाबूत होतं, नंबर पण जुळला, पण आत ११ खोके कमी निघाले. ट्रान्सपोर्टर म्हणतो सील तुटलेलं नाही म्हणजे माझी जबाबदारी संपली. आमचे मॅनेजर म्हणतात ड्रायव्हरनेच केलं असणार. खरं काय समजायचं? (एक वाचक, चाकण)

ड्रायव्हरचं आत्ता बाजूला ठेवा, पुरावा हातात नसताना त्याचं नाव घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पहिला प्रश्न तुमच्याच गोडाऊनला विचारा. ते ११ खोके गाडीत चढले होते हे कोणी मोजलं? टॅली, म्हणजे खोके मोजल्याचा कागद, कोणाच्या सहीची आहे? माझ्या अनुभवात सील शाबूत आणि माल कमी अशा केसेसमध्ये बऱ्याच वेळा माल मुळात चढलेलाच नसतो, संध्याकाळची घाई असते, दोन गाड्या शेजारी लागलेल्या असतात, एका पॅलेटचे खोके दुसरीत जातात आणि सुपरवायझर इनव्हॉइसवरचा आकडा बघून टॅली शीट भरतो, खोके बघून नाही. सील फक्त दार बंद झाल्यानंतरचं सांगतं, दार बंद व्हायच्या आधी आत किती होतं ते त्याला माहीत नसतं.

टॅली पक्की असेल, फोटो असतील, तर दुसरी शक्यता. दार उघडलं पण सीलला हातच लावला नाही. सील काय धरून ठेवतं ते बघा, कडी आणि कोयंडा. आता ही कडी दाराला कशाने लागलेली असते? नट-बोल्ट नाहीतर रिबीट. ती काढली की कडी सीलसकट हातात येते, दार उघडतं, काम झाल्यावर परत नवीन बोल्ट बसवला, वरून जरा रंग आणि जरा चिखल फासला की सील जसंच्या तसं, नंबर जसाच्या तसा. बिजागरीच्या बाजूनेही हेच होतं.

हे मी स्वतः बघितलेलं आहे. पावसाळ्याचे दिवस, आयात मालाचा चाळीस फुटी कंटेनर, निळ्या रंगाचा, सीलचा नंबर कागदाशी जुळलेला, कटर सीलला लावलेला. तेवढ्यात आमचे एक जुने मुकादम म्हणाले, थांब जरा. त्यांनी दाराच्या हँडलवरच्या रिबिटांवरून अंगठा फिरवला. तीन रिबिटं खरखरीत, गंजलेली, रंगाचे पोपडे आलेली. चौथं गुळगुळीत. नखाने खरवडलं तर नखात पुट्टी आली, मऊ, अजून नीट वाळलेली पण नव्हती, आणि खाली चकचकीत बोल्टचं डोकं, घासून गोल केलेलं. मग सगळं थांबवलं, कस्टम्सचे अधिकारी, शिपिंग लाइनचा (जहाज कंपनीचा) माणूस आणि सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा, आल्यावरच दार उघडलं, माल कमी होता. मुकादमांनी अंगठा फिरवला नसता तर आम्ही त्या दिवशी कागदावर 'सील शाबूत' लिहून मोकळे झालो असतो आणि सगळा दोष पाठवणाऱ्यावर गेला असता.

म्हणून नंबर जुळवणं पुरेसं नाही. अमेरिकन कस्टम्सचा सीटीपॅट नावाचा कार्यक्रम आहे, त्यात सील तपासायच्या चार पायऱ्या शिकवतात, त्या आपल्या कुठल्याही गोडाऊनला लागू आहेत: बघा, जुळवा, ओढा, फिरवा. बघा म्हणजे सील, कडी, रिबिटं, बिजागऱ्या, रंग सगळं बघा. जुळवा म्हणजे नंबर कागदाशी एकेक अंक करून जुळवा. ओढा म्हणजे हाताने जोरात खाली ओढा, नुसतं चिकटवून ठेवलेलं असेल तर हातात येतं. फिरवा, कारण काही बोल्ट कापून आतून आटे पाडून परत बसवलेले असतात, ते फिरवल्यावर सुटायला लागतात. या सगळ्याला अर्धा मिनिट जात नाही. चेन्नईच्या तुमच्या माणसाने हे केलं होतं का, आणि आता तरी त्या ट्रकची कडी कोणी जाऊन बघितली का? नसेल तर आजच ट्रकमालकाला सांगून दाराचे जवळून फोटो मागवा.

आता क्लेमचं. सील तुटलं नाही म्हणून जबाबदारी संपली, असं होत नाही. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आहे, त्यात माल कमी झाला तर दैवी आपत्ती, युद्ध, दंगल अशी काही ठराविक कारणं सोडून ट्रान्सपोर्टर जबाबदार धरलाय. पण तुम्ही किती खोके ताब्यात दिले हे तुम्हाला दाखवावं लागेल आणि वाद तिथेच होतो, त्यामुळे परत टॅलीवर येतो आपण. बिल्टीवर मालाची किंमत लिहिली होती का तेही बघा, किंमत आणि वाढीव जोखीम जाहीर केली नसेल तर भरपाईला मर्यादा पडते. आणि लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते, नुसते फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलाचाली धरू नका, रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने पाठवा. पीओडीवर, म्हणजे माल पोचल्याच्या पावतीवर, शॉर्टेजचा शेरा मारलाय ना? आणि विमा असेल तर विमा कंपनीला ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी कळवायचं असतं, सर्व्हेअर येईपर्यंत खोके हलवायचे नाहीत.

प्रश्न: मी भिवंडीत एका गोडाऊनला सुपरवायझर आहे. आम्ही प्लास्टिकची सीलं वापरतो, ती स्वस्त पडतात. एका क्लायंटने आता बोल्ट सील मागितलंय. मालक म्हणतात काही गरज नाही, चोर काय दोन्ही तोडतो. त्यांना काय सांगू? (एक वाचक, भिवंडी)

मालकांचं अर्धं बरोबर आहे. बोल्ट कटर असेल तर कुठलंही सील तुटतं, पण सील तुटू नये म्हणून लावतच नाहीत, ते तुटलं हे कळावं म्हणून लावतात. तोडायचं असेल तर खुणा राहिल्याच पाहिजेत, आणि जे तोडलं त्याच्या जागी तसंच दुसरं मिळता कामा नये, एवढंच काम त्याचं. त्या हिशोबाने कुठलं सील कुठे लावायचं ते ठरतं.

आयएसओ १७७१२ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे मालवाहतुकीच्या सीलांचं, त्यात तीन वर्ग आहेत. प्लास्टिकची पट्टी, ओढून घट्ट करायची ती, पहिल्या वर्गात, तिच्यावर आय अक्षर. ती हाताने पण तुटते, ती फक्त खूण. मधला वर्ग एस. आणि सगळ्यात वरचा एच, त्यात बोल्ट सील येतं, ज्याला बंदरात सगळे बॉटल सील नाहीतर ओटीएल म्हणतात, म्हणजे एकदाच लावायचं कुलूप. एच वर्गासाठी ओढण्याच्या चाचणीत सीलने १० किलोन्यूटन सोसावं लागतं, म्हणजे साधारण एक टन वजन लटकवल्यासारखं. घेताना बोल्टच्या दांड्यावर आणि खालच्या बुचावर दोन्हीकडे नंबर आहे का, एच आहे का, ते बघा. एकाच भागावर नंबर असेल तर दुसरा भाग बदलता येतो.

तुमच्याकडे काय लावायचं? भिवंडीतून ठाण्याला, त्याच दिवशी पोचणारी, एकच ड्रॉप असलेली गाडी असेल तर चांगल्या कंपनीची नंबरवाली प्लास्टिकची पट्टी पुरते. रात्रीचा प्रवास, मोबाइल, औषधं, कपडे असला पटकन विकला जाणारा माल, तिथे बोल्ट. ट्रकच्या दोन दारांच्या कड्या लांब लांब असतील तर केबल सील घ्या, त्यातली तार अशी विणलेली असते की कापली की तिचे धागे झाडूसारखे विस्कटतात, परत भोकात जातच नाहीत, आणि ती दोन्ही दारांच्या उभ्या रॉडांभोवती आवळली की वर चाकणच्या उत्तरात सांगितलेला कडी काढायचा प्रकार पण जमत नाही. मला स्वतःला ट्रकसाठी केबल सील बोल्टपेक्षा जास्त आवडतं.

पाच ठिकाणी माल उतरवणारी गाडी असेल तर मोजून तितकी सीलं सोबत द्या, प्रत्येकाचा नंबर आधीच ट्रिप शीटवर लिहून, आणि प्रत्येक ठिकाणी माल घेणारा माणूस सील कापेल आणि तोच नवीन लावून सही करेल. सुटी सीलं मूठभर ड्रायव्हरच्या केबिनमध्ये टाकून देतात ते बंद करा.

आणि हे मालकांना नक्की सांगा. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेतल्या एका टीमने वर्षानुवर्षं कितीतरी प्रकारची सीलं फसवता येतात का ते तपासलं, आणि महागड्या इलेक्ट्रॉनिक सीलांसकट बहुतेक सगळी साध्या हत्यारांनी थोडक्या वेळात फसवता आली. त्यांचं म्हणणं असं की सीलच्या किमतीपेक्षा ते तपासणाऱ्याला काय बघायचं ते शिकवलंय का, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणजे पैसे घालायचेत तर आधी गेटवरच्या माणसाला शिकवण्यात घाला. तुमच्याकडे सीलांचा डबा कुठे असतो? टेबलावर उघडा असेल तर एच वर्गाचं सील आणून पण उपयोग शून्य, कारण दुसरं सील तिथूनच उचललं जाईल. कपाटात कुलूपबंद, एकाच माणसाच्या ताब्यात, वहीत नंबर, तारीख, गाडी, सही. खराब झालेलं सील कचऱ्यात टाकू नका, वहीत नोंद करून दोन तुकडे करा. आणि गल्लीतल्या प्रिंटरकडून नंबर छापून घेऊ नका, त्याच्याकडे तोच नंबर परत छापायला किती वेळ लागतो?

प्रश्न: आम्ही द्राक्षं युरोपला पाठवतो. पॅकहाउसला कंटेनर भरला की आम्हीच ई-सील लावतो आणि शिपिंग लाइनचं पण एक सील असतं. दोन दोन कशाला? आणि या सीझनला आमच्या मुलाकडून ई-सीलचा एक अंक चुकीचा टाकला गेला तर बंदरावर गाडी अडकली. रीफर (थंड कंटेनर) चालू असला तरी जीव टांगणीला लागतो हो. (एक वाचक, पिंपळगाव बसवंत)

जीव टांगणीला लागणारच, वर्षभराची बाग त्या एका डब्यात असते.

दोन सीलं दोन वेगळ्या लोकांसाठी असतात. लाइनचं सील जहाज कंपनीसाठी, त्याचा नंबर बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर, येतो, युरोपमध्ये तुमचा खरेदीदार तोच जुळवून बघतो. ई-सील कस्टम्ससाठी. पूर्वी फॅक्टरीत नाहीतर पॅकहाउसला कस्टम्सचे अधिकारी समोर उभे राहायचे आणि त्यांच्या देखरेखीखाली सील लागायचं. २०१७ च्या जुलैपासून ती पद्धत बदलायला लागली आणि निर्यातदाराने स्वतः सील लावायचं ठरलं, पण मग अधिकाऱ्याच्या डोळ्याच्या जागी काहीतरी हवं, म्हणून आरएफआयडी चिपवालं बोल्ट सील आलं. ते पण एच वर्गाचंच लागतं, फक्त आत चिप. सील लावल्यावर तुम्ही आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) नंबर, शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद) नंबर, कंटेनर नंबर, ट्रेलरचा नंबर, सील लावायची तारीख, वेळ असं सगळं सिस्टिममध्ये टाकता, बंदरावर रीडर चिप वाचतो आणि दोन्ही जुळतंय का बघतो. सीलशी छेडछाड दिसली तर कस्टम्स कंटेनर तपासणारच, तिथे विनंती अर्ज काही चालत नाही.

म्हणून तो एक अंक महाग पडतो. मशीनला तुमच्या मुलाची चूक आणि चोराने बदललेलं सील यातला फरक कळत नाही, दोन्हीकडे नंबर जुळत नाही एवढंच दिसतं.

माझा सल्ला, नंबर टाइप करून घ्यायचाच नाही, जिथे स्कॅन करता येतं तिथे स्कॅन, आणि टाइप करावाच लागला तर एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने टाकायचा, मग दुसऱ्याने वाचायचा आणि पहिल्याने सीलवर बोट ठेवून बघायचा. पॅकहाउसला रात्री अकराला थकलेला एकटा मुलगा मोबाइलच्या उजेडात टाकतो आणि तिथे ३ चा ८ होतो. सीलचा एक फोटो जवळून, एक फोटो लांबून ज्यात कंटेनरचा नंबर पण येईल. गाडी पिंपळगावहून सुटायच्या आधीच सीएचएला, म्हणजे तुमचं कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, दोन्ही सीलांचे नंबर फोटोसकट पाठवा आणि त्याने शिपिंग बिलाशी जुळवून ओके म्हटल्याशिवाय गाडी हलवू नका. चूक घाटाच्या वर कळली तर फोनवर निस्तरते, गेटवर कळली तर रीफरचं डिझेल, ट्रेलरचं डिटेन्शन (गाडी अडकून राहिल्याचं भाडं) आणि कधी कधी जहाजच हातचं जातं.

आणखी एक, कस्टम्सने तपासणीसाठी कंटेनर उघडला तर जुनी सीलं कापली जातात आणि नवीन लागतात. ते नवीन नंबर कागदावर आले का, याची खात्री तुम्ही स्वतः करा, सीएचए करेल म्हणून बसू नका. मी असे कंटेनर बघितलेत की इथे नीट तपासून नीट नवीन सील लावलं, आणि तिकडे खरेदीदाराच्या हातात मात्र जुनाच नंबर, मग त्याने माल घ्यायला नकार दिला. तपासणी झाल्याचा कागद आणि नव्या सीलचा फोटो खरेदीदाराला त्याच दिवशी मेल करा.

प्रश्न: 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो, त्याचा या सीलांशी काही संबंध आहे का? वर्गात मुलांना सांगायचं आहे. (एक शिक्षिका, सातारा)

आहे, आणि चांगला जवळचा आहे. शिवकालीन पत्रात वर शिक्का असायचा, म्हणजे मुद्रा, आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब, म्हणजे समाप्तीची मुद्रा. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असं मोर्तब दिसतं, म्हणजे लेखनाची मर्यादा इथे संपली. ते का, तर मोर्तबाच्या खाली कोणी एक ओळ जरी मागाहून घुसवली तरी लगेच ओळखू यावं. म्हणजे लिहू कोणीही शकतं, पण लिहिलं तर कळेल, आणि आजच्या बोल्ट सीलचं काम अगदी हेच आहे. मुलांना हे सांगाच.

मालाच्या सीलचं म्हणाल तर त्याहून खूप जुनं आहे. गुजरातमध्ये लोथलला हडप्पा काळातल्या वखारीत मातीचे ठसे सापडलेत, साठच्या आसपास, ज्यांच्या एका बाजूला मुद्रेची खूण आणि मागच्या बाजूला गाठोड्याच्या दोरीची, चटईची खूण उमटलेली आहे. म्हणजे गाठोडं बांधायचं, गाठीवर ओली माती थापायची आणि त्यावर मुद्रा दाबायची. गाठ सोडायची तर माती फुटणारच. वखारीला आग लागली होती, त्यात ती माती भाजली गेली म्हणून ते ठसे आजवर टिकले. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या दोरीचा पीळ मातीत दिसतो, मला तर ते फोटो बघताना अंगावर काटा आला होता.

प्रश्न: आमची सोलापुरी चादरी आणि टॉवेलची खोकी असतात, सुटी पार्सलने जातात. त्यांना ती काढल्यावर अक्षरं उमटणारी टेप लावावी का? (एक वाचक, सोलापूर)

लावा, पण आधी तुमच्याच खोक्यावर लावून बघा. ती टेप काढली की खोक्यावर 'ओपन्ड' किंवा 'व्हॉइड' अशी अक्षरं राहतात, पण तुमचं खोकं जर स्वस्तातलं, धूळ सुटणारं, परत वापरलेल्या कागदाचं असेल तर टेप नीट धरत नाही आणि अलगद निघून येते, मग अक्षरं उमटत पण नाहीत. त्यापेक्षा पाणी लावून चिकटवायची कागदी टेप बघा, ती खोक्याच्या कागदाशी एकजीव होते, काढली की खोक्याचा कागदच फाटून येतो. फक्त वरच्या तोंडाला लावून उपयोग नाही, खालच्या तोंडाला पण तीच लावा, खालून उघडलेली खोकी मी भरपूर बघितलीत.

प्रश्न: मी न्यू जर्सीत मसाल्याचा व्यवसाय करते, सांगलीहून हळद मागवते. या वेळी कंटेनरच्या दारावरचं सील आणि बिल ऑफ लेडिंगवरचा नंबर वेगळा निघाला. वेअरहाउसवाले म्हणाले कापून टाकू, माल उतरवून घेऊ. मी थांबवलं. बरोबर केलं का? (एक वाचक, न्यू जर्सी)

अगदी बरोबर केलं ताई. कापलं असतं तर जे काही सांगता आलं असतं ते सगळं संपलं असतं.

बहुतेक वेळा कारण साधं असतं. अमेरिकन कस्टम्सने बंदरावर तपासणीसाठी कंटेनर उघडला आणि स्वतःचं सील लावलं. तसं असेल तर तुमच्या कस्टम्स ब्रोकरला ते बघता येतं, त्याला आधी विचारा. तपासणी झालीच नसेल तर जहाज कंपनीला लेखी कळवा, सांगलीच्या निर्यातदाराकडून भरतानाचे फोटो मागवा, आणि कस्टम्सला कळवून पुढचं त्यांच्या सांगण्याप्रमाणे करा. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण अशा डब्यात माल कमी होण्यापेक्षा नको ती वस्तू जास्त निघण्याची भीती मोठी असते, आणि कागदावर आयातदार तुम्ही आहात. अमेरिकेत २००८ च्या ऑक्टोबरपासून येणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरला आयएसओ १७७१२ चं सील सक्तीचं आहे, ते याच भीतीपोटी. उघडाल तेव्हा सर्व्हेअर समोर ठेवा, पोत्यांची शिलाई आणि वजन बघा, पोतं कापून परत शिवलेलं असेल तर दोऱ्याचा रंग नाहीतर टाक्यांमधलं अंतर बदललेलं दिसतं.

प्रश्न: दादा मी ट्रक चालवतो, लातूर ते दिल्ली लाइन. रस्त्यात तपासणीवाले गाडी थांबवतात, कधी सील उघडायला लावतात. पुढे गेल्यावर पार्टी म्हणते सील तुटलंय, खोके कमी आहेत, भरून दे. मागच्या दिवाळीत माझ्या पगारातून कापले. मी काय करायला पाहिजे होतं? (एक वाचक, लातूर)

भाऊ, तुमचं पत्र मी शेवटी ठेवलं कारण त्यावर मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं.

तुमच्यासारखं खूप जणांबरोबर होतं. माल भरताना तुम्हाला आत येऊ देत नाहीत, खोके मोजायला देत नाहीत, सील दुसरा कोणीतरी लावतो, आणि कमी निघालं की जबाबदार तुम्ही. जे मोजायची संधीच दिली नाही ते भरून कसं द्यायचं? हे चुकीचं आहे आणि गोडाऊनवाल्यांनी हे वाचावं असं मला वाटतं.

आता हातात काय आहे ते सांगतो. निघताना तुम्हाला मोजू दिलं नसेल तर बिल्टीच्या तुमच्या कॉपीवर आणि त्यांच्या कॉपीवर पण लिहा, 'माल ड्रायव्हरसमोर मोजला नाही, सील अमुक नंबरचं लावून मिळालं', खाली सही, वेळ. त्यांनी लिहू दिलं नाही तर मालकाला तिथूनच तसा मेसेज टाका, मेसेजवर तारीख वेळ येते. सीलचा फोटो काढताना सील हातात धरून नंबर दिसेल असा एक, आणि थोडं मागे येऊन ट्रकची नंबर प्लेट आणि सील एकाच फोटोत येईल असा दुसरा. प्रत्येक मुक्कामाला, झोपायच्या आधी आणि उठल्यावर, परत एकेक फोटो. महिनाभर कंटाळा येतो, मग सवय होते. ढाब्यावर गाडी उभी करताना मागची दारं भिंतीला नाहीतर ओळखीच्या गाडीच्या मागच्या बाजूला टेकवून लावा, दार उघडायलाच जागा राहिली नाही पाहिजे. हे तुम्ही करत असालच.

तपासणीला थांबवलं तर सील स्वतःच्या हाताने कधीही तोडू नका, अधिकारी म्हणाले तरी. आधी मालकाला फोन लावा, अधिकाऱ्यांना शांतपणे सांगा की साहेब सील तुम्ही कापा आणि कागदावर लिहून द्या. जीएसटीवाले असतील तर त्यांना तपासणीचा रिपोर्ट ऑनलाइन टाकावाच लागतो, पहिला २४ तासांत आणि शेवटचा ३ दिवसांत, ई-वे बिलाच्या, म्हणजे मालासोबतच्या ऑनलाइन वाहतूक कागदाच्या, सिस्टिममध्येच. म्हणजे तुमची गाडी कुठे कधी उघडली याची सरकारी नोंद होते, फक्त ती कोणीतरी काढून पार्टीला दाखवायला हवी, ते मालकाचं नाहीतर ट्रान्सपोर्टरचं काम आहे, त्यांना तसं स्पष्ट सांगा. एका राज्यात एकदा गाडी अशी तपासून झाली की त्याच प्रवासात तिथे परत तपासत नाहीत, करचोरीची खास खबर असेल तरच, त्यामुळे पहिल्या तपासणीचा कागद जपून ठेवा. आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त अडवून ठेवलं तर त्याचीही तक्रार ट्रान्सपोर्टरला त्याच सिस्टिममध्ये टाकता येते, हे बऱ्याच मालकांना पण माहीत नसतं.

तपासणी झाली की कापलेल्या सीलचे दोन्ही तुकडे टाकून देऊ नका, पिशवीत घालून ठेवा. नवीन सील लागलं तर त्याचा नंबर, जागा, वेळ, अधिकाऱ्यांचं नाव आणि हुद्दा बिल्टीच्या मागे लिहून त्यांची सही मागा. सही नाही दिली तर त्यांच्या चौकीच्या बोर्डासह फोटो तरी. सील शिल्लक नसेल तर दाराला साधं कुलूप लावून, किल्ली लिफाफ्यात बंद करून, लिफाफ्यावर सही करून पार्टीच्या हातात द्या.

दिवाळीतल्या पैशांचं. तपासणी कोणत्या तारखेला कुठे झाली ते आठवत असेल तर ट्रान्सपोर्टरला लेखी मागा की त्या ई-वे बिलाचा तपासणी रिपोर्ट काढून द्या, ई-वे बिलाचा नंबर जुन्या बिल्टीवर नाहीतर इनव्हॉइसवर सापडेल. रिपोर्ट निघाला तर सील कोणी उघडलं ते त्यातच येईल, मग तोच कागद घेऊन पगारातून कापलेले पैसे लेखी परत मागा. आणि मालकाशी बोलायला जाताना एकटे जाऊ नका, युनियनचा किंवा त्याच लाइनवरचा एखादा जुना ड्रायव्हर सोबत घ्या, त्यांनाही असले अनुभव आलेले असतात.